गृहविज्ञानातले ‘गृह’

आपल्या घरांमधून मुलगी बारावी झाली की पुढे काय शिकवायचे याची चर्चा होते. कायदा, डी.एड., नर्सिंग, स्पर्धा परीक्षा अशी नावे निघतात. गृहविज्ञानाचे नाव कोणी काढले तर बहुधा त्याचे हसेच होते. कार्यकर्ते म्हणतात, "बापजाद्यांनी रक्त आटवून पोरीला शाळेची पायरी दाखवली, ती काय पुन्हा चुलीपुढे बसवायला?" हा सवाल चुकीचा नाही. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची घरे झाडलेल्या, सारवलेल्या बायकांच्या मुलींना घरकामाची पदवी कशाला हवी, असे वाटणे साहजिक आहे.

मी या विषयाची पदवीधर आहे आणि पुढे याच विषयाची मास्तरीण झाले. तरीही मी या विषयाचे वकीलपत्र घेऊन लिहीत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. गृहविज्ञान हे स्वयंपाक, शिवण आणि रांगोळीचे शास्त्र आहे, अशी समजूत या विषयाच्या शत्रूंची आहे आणि दुर्दैवाने त्याच्या पुष्कळशा मित्रांचीही आहे. प्रत्यक्षात माणसाला जगायला किती अन्न लागते, कुटुंब कशाला म्हणायचे, घरात पैसा आणि श्रम कसे वाटले जातात, मूल कसे वाढते, बाजारात ग्राहकाची फसवणूक कशी होते, या प्रश्नांची उत्तरे या विषयात ठरतात. तिथे ठरलेली उत्तरे पुढे रेशनकार्ड, अंगणवाडीतला खाऊ, शाळेतली खिचडी आणि दारिद्र्यरेषेचा सर्व्हे होऊन आपल्या वस्तीत येतात. ज्या शास्त्राचे निकाल आपल्या ताटात पडतात, त्या शास्त्राच्या वर्गात आपण नसावे, हे मला परवडणारे वाटत नाही.

म्हणून हा विषय काय आहे, कुठून आला, आणि त्यात जे ‘गृह’ गृहीत धरले आहे ते कोणाचे, हे तपासून पाहू. तपासणीसाठी मी पुण्याची बुधवार पेठ निवडली आहे. कारणे पुढे येतीलच.

१

या शास्त्राचा आधुनिक जन्म अमेरिकेतला. एलेन स्वालो रिचर्ड्स ही रसायनशास्त्रज्ञ बाई मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पहिली विद्यार्थिनी. तिने नद्या-तलावांच्या पाण्याचे नमुने तपासले, किराणा मालातली भेसळ शोधली, आणि प्रयोगशाळेतले रसायनशास्त्र घराघरात गेले पाहिजे असा आग्रह धरला. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे तिच्या पुढाकाराने पहिली परिषद भरली आणि १९०९ साली या विषयाची अमेरिकन संघटना उभी राहिली. म्हणजे मुळात हा पाणी, अन्न आणि हवा तपासणारा विषय होता. परंतु त्याच्या पोटात दुसराही एक विचार होता : पुरुषाचे क्षेत्र बाहेर, बाईचे घरात, तेव्हा बाईचे शिक्षण तिच्या क्षेत्राला शोभेल असे असावे. हे दोन विचार एकाच विषयात आजतागायत एकमेकांशी भांडत आले आहेत.

महाराष्ट्रात हा विषय आला तो महिला विद्यापीठाच्या वाटेने. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. तिला जपानमधल्या महिला विद्यापीठाची प्रेरणा होती. १९१६ साली पुण्यात ते विद्यापीठ सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. १९३६ मध्ये मुख्य कचेरी मुंबईला गेली, १९५१ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. विधवांना शिक्षण आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण ही कर्व्यांची कामे मोठी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण स्त्रियांना पत्नी आणि माता म्हणून वेगळी कर्तव्ये आहेत, म्हणून त्यांचा अभ्यासक्रम वेगळा हवा, ही त्यांची भूमिका होती. आरोग्य आणि गृहव्यवस्था हे विषय त्या भूमिकेतून आले. पुढे दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज १९३२ साली निघाले. स्वातंत्र्यानंतर हंसाबेन मेहता कुलगुरू असताना बडोद्यात या विषयाची विद्याशाखा उभी राहिली. मुंबई, नागपूर, पुणे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठापर्यंत तो पसरला.

आता बुधवार पेठेकडे या. इथल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या शाळांमध्ये मुली वाचन, व्याकरण, गणित, भूगोल असे विषय शिकत होत्या. मुलगी पुढे कोणाच्या घरात जाणार आहे, हे विचारून अभ्यासक्रम ठरवलेला नव्हता. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. चौदा वर्षांच्या मुलीने धर्माला आणि राज्यकर्त्यांना जाब विचारला. भूगोल आणि व्याकरण शिकलेली मुलगी काय करू शकते, याचा हा पुरावा आहे. पुढे १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले तेव्हा टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने त्याच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली. मुलींना मुलांसारखे इंग्रजी शिक्षण नको, घराला उपयोगी पडेल एवढे द्या, असा तो सूर होता. भिडे वाडा आणि तो सूर यांच्यात अंतर मैलांचे नव्हते, दोन-तीन पेठांचे होते.

भिडे वाड्याची मोडकळीस आलेली वास्तू बरीच वर्षे खटल्यात अडकली होती. न्यायालयाच्या निकालानंतर राष्ट्रीय स्मारकासाठी ती डिसेंबर २०२३ मध्ये उतरवली गेली. स्मारक व्हावेच. पण मला त्या शाळेचे दुसरे स्मारक हवे आहे : अभ्यासक्रमाला तिचा प्रश्न विचारला जावा.

फुल्यांनी ‘गृह’ या शब्दालाही वेगळा अर्थ दिला होता, हे आपण विसरतो. १८६३ साली त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे निर्धास्तपणे बाळंत होत. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. १८६८ साली त्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. रक्ताच्या नात्यावाचून मूल, लग्नावाचून आई आणि जातीवाचून पाणी : गृहव्यवस्थेचा याहून मोठा धडा मला कुठल्याही क्रमिक पुस्तकात सापडलेला नाही. आणि तो पुस्तकात नाही, हेच माझे दुखणे आहे.

२

विद्यापीठात हा विषय साधारण पाच शाखांत शिकवला जातो : अन्न आणि पोषण, मानवविकास, वस्त्रशास्त्र, कुटुंबाची साधने आणि त्यांचे व्यवस्थापन, आणि विस्तार, म्हणजे हे ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे शास्त्र. प्रत्येक शाखेत उपयोगाचे हत्यार आहे आणि प्रत्येक शाखेत एक आंधळी जागाही आहे.

पोषणापासून सुरुवात करू. शरीराला लागणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, अशी त्यांनी रेषा आखली. पुढे पुण्यातलेच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी मानणे बरोबर नाही. १९८० च्या सुमारास हा वाद फार गाजला. त्याच वेळी परदेशी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी, माणूस अंगाने लहान असूनही निरोगी असू शकतो, असा सिद्धांत मांडला.

विद्वानांचा हा वाद वस्तीच्या भाषेत सांगायचा तर प्रश्न एवढाच होता : आमची पोरे खुजी राहतात ती उपाशी म्हणून, की त्यांच्या देहाला तेवढेच पुरते म्हणून? रेषा थोडी खाली सरकवली की कागदावरचे लाखो गरीब एका रात्रीत नाहीसे होतात. पोट मात्र तेवढेच रिकामे राहते. हे गणित ज्याला येते तोच त्याला उत्तर देऊ शकतो. मोर्चात घोषणा देणाऱ्या मुलालाही म्हणूनच हे गणित आले पाहिजे.

ते अवघड नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य दिले आहे. दिवसाला ते सुमारे १६७ ग्रॅम पडते. शंभर ग्रॅम तांदूळ किंवा गव्हापासून साधारण ३४५ उष्मांक मिळतात. म्हणजे रेशनचे धान्य रोज सुमारे ५७५ उष्मांक देते, दांडेकर-रथांच्या आकड्याचा जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचे तीन हिस्से, आणि डाळ, तेल, भाजी, दूध, अंडे, हे सगळे मजुरीतून आणायचे. ‘सरकार फुकट पोसते’ असे चहाच्या टपरीवर कोणी म्हणाले तर त्याच्यापुढे एवढा हिशेब ठेवावा.

आता आंधळी जागा. पोषणाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थिनींना आदल्या चोवीस तासांत काय खाल्ले ते लिहायला सांगतात. ही आहार मोजण्याची मान्य पद्धत आहे. आमच्या वर्गात वसतिगृहातल्या मुली ‘वरण, भात, पोळी, तूप’ असे लिहीत. सुट्टीवरून परतलेल्या मुलीने घरी खाल्लेली वजडी, रक्ती किंवा चान्या यांचे नाव वहीत कधी येत नसे. तक्त्यात त्या पदार्थांना ओळ नव्हती आणि वर्गात त्यांना तोंड नव्हते. खोटेपणा त्या मुलींचा नव्हता. त्यांना खरे लिहायला जागाच ठेवलेली नव्हती. कलेजी आणि रक्त यांत लोह भरपूर असते, आणि ते भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा शरीरात चांगले शोषले जाते, हे शास्त्र त्याच वर्गात शिकवले जात होते. पण रक्तक्षय झालेल्या गरोदर बाईचा आहार लिहायची वेळ आली की पालक, खजूर आणि गूळ यांच्या पलीकडे लेखणी जात नसे. शास्त्राला जे ठाऊक होते ते सांगायला शास्त्राची जात आडवी येत होती.

ही कोंडी फोडण्याचे काम सुरू झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींचे पुस्तक काढले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की यांपैकी एकही काम गृहविज्ञानाच्या विभागातून आलेले नाही.

३

साधनांचे व्यवस्थापन ही दुसरी शाखा. एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली एक नियम मांडला : कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावरचा वाटा मोठा. पगारदार घर उत्पन्नाचा लहानसा भाग पोटासाठी खर्च करते, मजुराचे घर बहुतेक सगळा. म्हणून भाववाढीचा फटका दोघांना सारखा बसत नाही. हे हत्यार उत्तम आहे. पण यापुढे पुस्तक जो उपदेश करते तो वाचा : खर्चाचे अंदाजपत्रक महिन्याच्या सुरुवातीला करावे, धान्य व किराणा घाऊक घ्यावा, बचत करावी.

समजा, चहाची पावडर किलोला ४०० रुपये आहे आणि १० रुपयांच्या पुडीत २० ग्रॅम येते. पुडीच्या हिशेबाने किलो ५०० रुपयांना पडतो. रोज एक पुडी घेणारे घर महिन्याला ६०० ग्रॅम पावडरीसाठी ३०० रुपये देते. एकदम घेतली असती तर २४० रुपये लागले असते. साठ रुपये जास्त गेले. पुस्तक म्हणेल, या बाईला नियोजन येत नाही. पण तिची मजुरी रोजची आहे, डबा ठेवायला फळी नाही, आणि महिन्याची रक्कम एकदम हातात कधी येतच नाही. जो वाणी उधारी देतो तो सांगेल तो भाव द्यावा लागतो. तेव्हा हे साठ रुपये अडाणीपणाचा दंड नाहीत. गरिबीवर बसवलेला तो कर आहे. गृहविज्ञानाने त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली पाहिजे.

स्वयंपाकघराच्या रचनेचा धडाही असाच आहे. शेगडी, मोरी आणि साठवणीची जागा यांचा त्रिकोण जितका आटोपशीर, तितके बाईचे श्रम कमी, असे शिकवतात. दहा बाय दहाच्या खोलीत त्रिकोण कुठून काढायचा? जिथे पाणी सार्वजनिक नळावरून आणायचे आहे, तिथे त्रिकोणाचे एक टोक रस्त्यावर आहे. शिवाय दोन त्रिकोणांत राबणारी बाई पुस्तकात दिसतच नाही : पहाटे स्वतःचा, मग दिवसभर दुसऱ्याचा. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला आणि संघटना बांधली. घरकाम हे काम आहे, त्याला मजुरी, रजा आणि बोनस असतो, हे त्यांनी रस्त्यावर येऊन सांगितले. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडले. घरातल्या श्रमांवर इतका मोठा धडा शहराने गिरवला, पण साधनांच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात ‘नोकरांकडून काम कसे करून घ्यावे’ एवढाच परिच्छेद राहिला.

४

मानवविकासाच्या शाखेत कुटुंबाचे जीवनचक्र शिकवतात : विवाह, पहिले अपत्य, मुलांचे शिक्षण, मुलांचे विवाह, वृद्धावस्था. हे चक्र घेऊन बुधवार पेठेत फिरून पाहावे. एका अंगाला दगडूशेठ गणपतीचे मंदिर आणि समोरच भिडे वाड्याची जागा, एका अंगाला अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, एका अंगाला तुळशीबागेत पोळपाट-लाटण्यापासून भातुकलीपर्यंत मांडलेला अवघा संसार. आणि मधल्या गल्ल्यांत शरीरविक्रयावर पोट भरणाऱ्या बायकांची वस्ती. तुळशीबागेतला संसार आणि त्या गल्लीतला संसार यांच्यात पाच-दहा मिनिटांची वाट आहे. पुस्तकातले चक्र मात्र तुळशीबागेतच थांबते.

त्या गल्ल्यांतही घरे आहेत. चूल आहे, मुले आहेत, म्हातारपण आहे, गावाकडे पाठवायची मनीऑर्डर आहे. एका खोलीत चार बायका आणि दोघींची मुले राहतात. एकीला ताप आला तर दुसरी भात टाकते. याला कुटुंब म्हणायचे की नाही? पुस्तकाकडे उत्तर नाही. रेशनच्या अर्जाकडे होते, आणि ते ‘नाही’ असे होते. घरमालकाचा दाखला नाही, नवऱ्याचे नाव नाही, गावचे कार्ड गावातच राहिलेले. कोरोनाच्या टाळेबंदीत धंदा बंद झाला तेव्हा ही उत्तरे उपासमारीला कारण ठरली. २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता या स्त्रियांना कोरडा शिधा द्या. १९ मे २०२२ च्या आदेशात त्यांना आधार कार्ड मिळण्याची वाट मोकळी केली गेली, आणि केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून तिचे मूल तिच्यापासून तोडू नये, असेही न्यायालयाने म्हटले. मूल आणि आई यांचे नाते मान्य करायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम लागतो, याचा अर्थ कुटुंबाची आपली व्याख्या किती कोती आहे ते पाहा.

या गल्ल्यांत पूर्वापार देवाला सोडलेल्या मुली आल्या, आणि देवाला सोडलेल्या मुली बहुसंख्येने कोणत्या जातींतून आल्या हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. एकीकडे जातीने मुलीचे कुटुंब हिरावले आणि दुसरीकडे शास्त्राने तिला ‘कुटुंब नसलेली’ म्हणून व्याख्येबाहेर टाकले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुटुंबाकडे पाहण्याची वेगळी रीत घालून दिली होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाची बाजू घेताना, बाळंतपणाचा भार एकट्या बाईने सोसू नये, ती मालकाची आणि सरकारचीही जबाबदारी आहे, असे त्यांनी मांडले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा ते त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९३८ मध्ये संततिनियमनाचा प्रश्न त्यांच्या पक्षाने कायदेमंडळात नेला. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले. घर ही भिंतीआडची खाजगी गोष्ट नाही, ती कायद्याची, मजुरीची आणि समतेची जागा आहे, हा विचार या सगळ्यांत आहे. मानवविकासाच्या पहिल्या तासाला हा विचार शिकवायला काय हरकत आहे?

५

ग्राहक हा या विषयाचा हल्लीचा लाडका शब्द. ग्राहक चळवळीशी पुण्याचे जुने नाते आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली इथेच ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. वजनमाप, छापील किंमत, भेसळ, मुदत यांचे ज्ञान आपल्या वस्तीला हवेच आहे. हळदीत किंवा डाळीत मेटॅनिल यलो हा घातक रंग मिसळला असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबांनी तो गुलाबी-जांभळा होतो, हे प्रात्यक्षिक वस्तीतल्या युवक मंडळालाही, शिक्षकाला सोबत घेऊन, करता येईल.

पण कायद्यातला ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशा दवाखान्याची सेवा या कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. गरीब माणूस जे पुष्कळसे मिळवतो ते मोफत किंवा सवलतीत मिळवतो. तेव्हा तो ग्राहक राहत नाही, ‘लाभार्थी’ होतो; आणि लाभार्थ्याने तक्रार करायची नसते, हात जोडायचे असतात, असा आपल्याकडचा रिवाज आहे. कायदा मात्र तसे म्हणत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, आणि अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीला रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख मानले आहे. शाळेतल्या मध्यान्ह भोजनाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले. आपल्या बाईच्या हातचे अन्न सगळ्या गावच्या मुलांनी एका पंगतीत खायचे, हा पोषणाचा कार्यक्रम आहे आणि जातिअंताचाही. किती कार्यकर्त्यांना हा आदेश ठाऊक आहे?

आणि ताटात काय वाढायचे हेही कोणीतरी ठरवतेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळांत आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. अंड्यातल्या प्रथिनांबद्दल पोषणशास्त्रात दुमत नाही. दुमत आहे ते शास्त्राबाहेर. अशा वेळी गृहविज्ञानाच्या पदवीधरांनी बोलायला हवे होते.

६

अलीकडे या विषयाची नावे बदलली. अमेरिकेतल्या संघटनेने १९९४ साली ‘कुटुंब आणि ग्राहक विज्ञान’ हे नाव घेतले. काही विद्यापीठांनी ‘मानव विज्ञान’ म्हटले. आपल्याकडे कृषी विद्यापीठांतून ते ‘सामुदायिक विज्ञान’ झाले, परभणीतही झाले. २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत एका विद्यापीठाच्या नावासाठी घरे जळताना पाहिलेल्या समाजाला नावाचे मोल सांगावे लागत नाही. आपण नाव मागितले ते ज्ञानाच्या दारावर आपलाही हक्क कोरावा म्हणून. ‘समुदाय’ हा शब्द पाटीवर आला असेल तर आपण विचारले पाहिजे : कोणता समुदाय? त्याची वस्ती गावात की गावकुसाबाहेर?

विद्यापीठ मनात आणील तर काय करू शकते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षणाच्या कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये शिकवायला गेल्या. तिथे गेल्यावर अक्षरांआधी कामाचा आणि इज्जतीचा प्रश्न उभा राहिला. १९९३ साली बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासद बहुतांश दलित स्त्रिया. कचरा वेचणे हे शहराच्या उपयोगाचे काम आहे, हे त्यांनी महानगरपालिकेला मान्य करायला लावले, आणि २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा उचलण्याचा करार केला. विस्तार या शब्दाचा खरा अर्थ हा. ज्ञान वरून खाली नेण्यासाठी गेलेल्या माणसांना खालचे ज्ञान वर आणावे लागले.

तेव्हा माझी सूचना अशी. विद्यार्थिनींनी, आणि मुलांनीही, या विषयाला लाजू नये. अंगणवाड्यांची देखरेख, रुग्णालयातला आहार, बालविकास, ग्राहक संरक्षण अशा अनेक जागी ही पदवी चालते, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत वस्तीच्या बाळाचे वजन कोण करतो आणि वहीत काय लिहितो, याला फार महत्त्व आहे. प्रबंधाचा विषय निवडताना आपल्या आईचे स्वयंपाकघर निवडावे : तिने वाळवून ठेवलेले पदार्थ, दुष्काळात शोधलेला रानपाला, चिंध्यांतून शिवलेली गोधडी, तिचे उधारीचे खाते. प्राध्यापकांनी त्या विषयाला ‘किरकोळ’ म्हणून परत पाठवू नये. कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा वस्तीत तराजू आणि कायद्याची प्रत घेऊन बसावे. रेशनची पिशवी मोजावी, अंगणवाडीचे पाकीट मोजावे, आणि जे कमी भरेल त्याची लेखी तक्रार तिथल्या तिथे बायकांच्या सहीने करावी.

चूल ही आमच्या आयांना शिक्षा म्हणून मिळाली होती, कारण तिच्यात काय शिजायचे हे दुसरे कोणी ठरवत होते. ते ठरवण्याचे शास्त्र आज सरकारी विद्यापीठात, शिष्यवृत्तीसह, शिकता येते. निदान त्या वर्गातली पहिल्या बाकावरची जागा तरी आपण रिकामी सोडू नये.